वरच्या गटात कोण खेळणार?

थंडीच्या दिवसांत तिवसा तालुक्यातल्या गावांत कबड्डीचे सामने लागतात, तेव्हा पहिली चुरस मैदानात होत नाही, वजनकाट्यावर होते. स्पर्धा पंचावन्न किलो वजनगटाची असली, की संघातला एकेक खेळाडू काट्यावर चढतो, पंच आकडा मोठ्याने वाचतात आणि वहीत नोंद होते. पाव-अर्धा किलो जास्त भरला तर पोरगा मुकाट्याने उतरतो, अंगात स्वेटर चढवतो आणि घाम निघेपर्यंत मैदानाला फेऱ्या मारतो. शेजारच्या टेबलावर आधारकार्डे तपासली जातात. पत्रकावर ‘एक गाव, एक संघ’ अशी अट छापलेली असते, आणि बाहेरगावचा एखादा तगडा चढाईपटू या गावचा म्हणून उतरवल्याची तक्रार एका तरी संघाकडून येतेच. प्रवेश फी, वजन आणि गावाचा पुरावा या तिन्ही गोष्टी जुळल्या, की मग चिठ्ठ्या टाकून जोड्या लागतात.

म्हणजे शिट्टी वाजण्याआधीच एक निवड होऊन गेलेली असते. गावच्या स्पर्धेत ती सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होते, म्हणून तिच्यावर भांडणही तिथल्या तिथे होते आणि तिथेच मिटते. स्पर्धा जसजशी मोठी होत जाते, तसतशी ही निवड मैदानापासून दूर सरकते. ती मंडळाच्या बैठकीत, कंपनीच्या कार्यालयात, कधी कधी न्यायालयात जाऊन बसते. वर्तमानपत्राच्या क्रीडापानावर सामन्याचा निकाल येतो. कोणता संघ कोणत्या गटात खेळणार हे कोणी, कशाच्या आधारावर ठरवले, याला दोन ओळीही मिळत नाहीत. पुढील लेखनाचा विषय नेमका हाच आहे, आणि या प्रस्तावनेचा हेतू त्या विषयाची सविस्तर ओळख करून देण्याचा आहे.

वरच्या गटासाठी संघ निवडण्याच्या जगभरात मुख्यतः तीन रीती आहेत. पहिलीत मैदानावरचा निकालच सगळे ठरवतो: खालच्या गटात जिंकेल तो वर जाईल, वरच्या गटात तळाला राहील तो खाली येईल. दुसरीत जागा विकत घेतली जाते. ज्याने बोली जिंकली, त्याचा संघ. तिसरी अलीकडची आहे. तिच्यात क्लबाला शाळेतल्या प्रगतिपुस्तकासारखे गुण मिळतात. खेळाचे काही, पैशाच्या शिस्तीचे काही, मैदानाच्या सोयींचे काही, प्रेक्षकांचे काही. बेरजेत जो पुढे, तो वर. पहिल्या दोन रीतींची उदाहरणे शोधायला फार लांब जावे लागत नाही. पहिलीचे सर्वांत बोलके उदाहरण तर विदर्भाचेच आहे.

विदर्भाचा संघ रणजी करंडकात १९५७-५८ च्या हंगामात पहिल्यांदा उतरला. पुढची अनेक दशके स्पर्धा विभागवार होती आणि मध्य विभागातल्या विदर्भाकडून विजेतेपदाची अपेक्षा कोणी करत नसे. २००२-०३ मध्ये भारतीय क्रिकेट नियामक मंडळाने विभागवार रचना मोडली आणि संघांची दोन श्रेणींत वाटणी केली: वरचा ‘एलिट’ आणि खालचा ‘प्लेट’. प्लेट गटात चमकणाऱ्यांना बढती, एलिट गटात तळाला राहणाऱ्यांची घसरण, असा नियम आला. त्यानंतरच्या दशकातला बराच काळ विदर्भाने प्लेट गटात काढला. खालच्या गटातल्या धावांना आणि बळींना निवड समितीच्या नजरेत वजन कमी, असा त्या काळातल्या खेळाडूंचा समज होता आणि तो अगदीच निराधार नव्हता.

तरीही त्याच काळात पाया घातला जात होता. नागपूरजवळच्या जामठा इथल्या नव्या मैदानावर नोव्हेंबर २००८ मध्ये भारत-ऑस्ट्रेलिया कसोटी झाली. त्याच महिन्यात खापरखेड्याच्या खाणकामगाराचा मुलगा उमेश यादव विदर्भाकडून पहिला रणजी सामना खेळला आणि तीनच वर्षांत भारताच्या कसोटी संघात दाखल झाला. विदर्भ क्रिकेट संघटनेच्या पंखाखाली अकरा जिल्हे येतात. नागपुरातल्या क्लबांसाठी गुजदर लीग आहे, तर अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा, वाशीम अशा जिल्ह्यांचे संघ आंतरजिल्हा स्पर्धांत उतरतात. तिवशातल्या मुलाला विदर्भाची टोपी हवी असेल, तर त्याचा रस्ता अमरावती जिल्ह्याच्या संघातून जातो.

या रस्त्याचे फळ २०१७-१८ च्या हंगामात हाती आले. फैज फझल कर्णधार, चंद्रकांत पंडित प्रशिक्षक आणि मुंबईहून आलेला वसीम जाफर सोबतीला. कोलकात्याच्या उपांत्य सामन्यात कर्नाटकाला विजयासाठी १९८ धावा हव्या होत्या. रजनीश गुरबानीने डावात सात बळी घेतले आणि विदर्भ पाच धावांनी जिंकला. इंदूरच्या अंतिम सामन्यात दिल्लीविरुद्ध गुरबानीने हॅट्‌ट्रिक साधली. रणजीच्या अंतिम सामन्यातली ती अवघी दुसरी हॅट्‌ट्रिक होती. पहिली तमिळनाडूच्या कल्याणसुंदरम यांनी १९७२-७३ मध्ये घेतली होती. याच अंतिम सामन्यात अकोल्याचा आदित्य ठाकरे प्रथम श्रेणी क्रिकेटमधले पहिले पाऊल टाकत होता. १ जानेवारी २०१८ रोजी विदर्भाने नऊ गडी राखून करंडक जिंकला. पुढच्याच वर्षी सौराष्ट्राला जामठ्यात हरवून तो राखला, आणि २ मार्च २०२५ रोजी केरळविरुद्ध पहिल्या डावातल्या ३७ धावांच्या आघाडीवर तिसऱ्यांदा मिळवला. अमरावतीचा जितेश शर्मा आणि अकोल्याचा अथर्व तायडे ही याच मातीतून वर गेलेली नावे. जितेशने २०२३ च्या आशियाई क्रीडा स्पर्धेत भारताच्या टी-ट्वेंटी संघात पदार्पण केले.

खालच्या गटातून आलेला संघ विजेता होऊ शकतो, हे त्याआधी राजस्थानने दाखवून दिले होते. २०१०-११ मध्ये राजस्थान प्लेट गटात खेळत होता. हंगामाच्या सुरुवातीलाच पदार्पण करणाऱ्या दीपक चहरने दहा धावांत आठ बळी घेतले आणि हैदराबादचा डाव २१ धावांत आटोपला. तेव्हाच्या नियमानुसार प्लेट गटातल्या पहिल्या दोन संघांना बाद फेरीत जागा होती. त्या जागेचा उपयोग करून राजस्थान पुढे गेला आणि अंतिम सामन्यात बडोद्याला मागे टाकून करंडक घेऊन घरी परतला. त्या संघाचा कर्णधार पुण्याचा हृषीकेश कानिटकर होता. नियमात ती एक खिडकी नसती, तर त्या वर्षीचा देशातला सर्वोत्तम संघ बाद फेरीच्या बाहेरच राहिला असता.

चढ-उताराच्या रीतीचा दुसरा गुण असा, की ती मोठ्या घराण्याचा मुलाहिजा राखत नाही. १९३७-३८ आणि १९८६-८७ असे दोनदा रणजी जिंकलेला हैदराबादचा संघ २०२२-२३ च्या हंगामानंतर प्लेट गटात घसरला. पुढच्या वर्षी तिथे तन्मय अगरवालने अरुणाचल प्रदेशाविरुद्ध ३६६ धावा काढल्या, त्यातले त्रिशतक १४७ चेंडूंत, आणि हैदराबाद प्लेट जिंकून परत वर आला. गोव्याचेही तसेच. खाली आल्यावर नोव्हेंबर २०२४ मध्ये पर्वरीच्या मैदानावर स्नेहल कवठणकर नाबाद ३१४ आणि कश्यप बखले नाबाद ३०० यांनी तिसऱ्या गड्यासाठी ६०६ धावांची अखंड भागीदारी रचली. त्यांनी मोडलेला ५९४ धावांचा विक्रम महाराष्ट्राच्या स्वप्नील गुगळे आणि अंकित बावणे यांचा होता. त्या हंगामात गोव्याने प्लेट जिंकली.

मात्र याच आकड्यांत या रीतीची अडचणही दिसते. २०१८-१९ मध्ये ईशान्येकडची सहा राज्ये, बिहार, उत्तराखंड आणि पुदुच्चेरी असे नऊ नवे संघ रणजीत आले आणि स्पर्धा ३७ संघांची झाली. नव्यांना प्लेट गटात बसवले गेले. त्या वर्षी बिहारच्या आशुतोष अमनने ६८ बळी घेऊन बिशनसिंग बेदींचा १९७४-७५ पासूनचा ६४ बळींचा विक्रम मोडला. क्रिकेटरसिकांत लगेच वाद सुरू झाला: नवख्या फलंदाजांविरुद्धचा हा विक्रम बेदींच्या शेजारी ठेवायचा का? सहा वर्षांनी विदर्भाच्या हर्ष दुबेने ६९ बळी घेतले, तेही एलिट गटात आणि विजेत्या संघाकडून, तेव्हा तो वाद आपसूक थंडावला. आणखी एक उदाहरण त्याहून कठोर आहे. मार्च २०२२ मध्ये प्लेट गटाचा विजेता नागालँड बाद फेरीच्या उंबरठ्यावर झारखंडसमोर आला. झारखंडने पहिल्या डावात ८८० धावा केल्या, सामना अनिर्णित संपला तेव्हा त्यांची एकूण आघाडी १००८ धावांची होती. पाच दिवस चाललेल्या त्या सामन्यातून दोघांपैकी कोणालाच काही शिकता आले नाही. त्यानंतरच्या हंगामापासून प्लेट गटाला स्वतःचा अंतिम सामना मिळाला आणि बक्षीस म्हणून बढती राहिली. बाद फेरीतला थेट प्रवेश गेला.

या बदलावर मतभेद होऊ शकतात. राजस्थानचे उदाहरण समोर ठेवले तर खिडकी बंद झाल्याचे वाईट वाटते, नागालँडचे ठेवले तर नियम शहाणपणाचा वाटतो. पण दोन्ही वेळा नियम हंगामाआधी जाहीर होता आणि सर्वांना सारखा लागू होता. खालच्या संघाला आपण काय केले म्हणजे वर जाऊ, हे ठाऊक होते. या विषयातला पहिला निकष हाच.

गटांच्या आधी आणखी एक प्रश्न येतो: संघ म्हणायचे कोणाला? हा प्रश्न विदर्भाच्या दारात आला होता. जुलै २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने क्रिकेट मंडळाच्या कारभाराबाबतच्या लोढा समितीच्या शिफारशी मान्य केल्या, त्यात ‘एक राज्य, एक मत’ ही शिफारस होती. महाराष्ट्रात मुंबई, महाराष्ट्र आणि विदर्भ अशा तीन संघटना. त्यांतल्या दोघींचे मताचे हक्क जाण्याची वेळ आली. ९ ऑगस्ट २०१८ रोजी न्यायालयाने तो भाग बदलला आणि मुंबई, विदर्भ, सौराष्ट्र, बडोदा यांचे पूर्ण सदस्यत्व कायम ठेवले. हा निकाल आला तेव्हा विदर्भ रणजीचा गतविजेता होता. कबड्डी आणि खो-खोतही विदर्भाचा संघ राष्ट्रीय स्पर्धेत महाराष्ट्रापेक्षा वेगळा उतरतो. ही वेगळी जागा नसती, तर वऱ्हाडातल्या खेळाडूला राष्ट्रीय स्पर्धेसाठी पुण्या-मुंबईच्या निवड चाचणीत आपला नंबर लागण्याची वाट पाहावी लागली असती.

मुंबईच्या कांगा लीगमध्ये चढ-उताराची शिडी क्लबांपर्यंत पोचलेली दिसते. १९४८ पासून भर पावसाळ्यात चालणाऱ्या या स्पर्धेत ‘ए’ पासून ‘जी’ पर्यंत सात विभाग आहेत. तळाच्या विभागातल्या छोट्या क्लबालाही वर्षागणिक एकेक पायरी चढत ‘ए’ विभागात जाण्याची सोय आहे, आणि नामांकित जिमखान्यालाही खाली येण्याची धास्ती आहे. आझाद मैदानाच्या चिखलात खेळणाऱ्या क्लबांना पंचाहत्तर वर्षांहून अधिक काळ टिकवून धरण्यात या रचनेचा वाटा मोठा आहे.

आता दुसरी रीत. जानेवारी २००८ मध्ये इंडियन प्रीमियर लीगच्या आठ जागांचा लिलाव झाला आणि मुंबईची जागा ११ कोटी १९ लाख डॉलरना गेली. त्या दिवसापासून भारतातल्या खेळांत वरच्या गटाचा अर्थ बदलला. तिथे खालचा गटच नाही. त्यामुळे वर जाणेही नाही आणि खाली येणेही नाही. शेवटच्या क्रमांकावर राहिलेला संघ पुढच्या वर्षी त्याच दिमाखात मैदानात उतरतो.

वऱ्हाडाला ही रीत सर्वांत जवळून भिडते ती कबड्डीत. अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ मध्ये वैद्य बंधूंनी उभे केले. १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी याच मंडळाचे पथक जर्मनीला गेले आणि तिथे त्यांनी मल्लखांबासारख्या देशी व्यायामप्रकारांसह कबड्डीचे प्रात्यक्षिक दाखवले. आंतरराष्ट्रीय मेळाव्यात हा खेळ नेणाऱ्यांत अमरावतीकर पहिल्या फळीत होते. पुढे १९९० मध्ये बीजिंगच्या आशियाई स्पर्धेत कबड्डीला पदकांचा खेळ म्हणून जागा मिळाली. २०१४ मध्ये प्रो कबड्डी लीग सुरू झाली ती आठ संघांनी, २०१७ मध्ये संघ बारा झाले. महाराष्ट्रातून मुंबई आणि पुणे यांना जागा मिळाली. अमरावती, अकोला, नागपूर यांपैकी कोणत्याही गावाच्या नावाने या लीगमध्ये आजवर संघ उतरलेला नाही. खालून वर जाण्याची सोयच नसल्यामुळे विदर्भातल्या एखाद्या क्रीडा मंडळाने दहा वर्षे सगळ्या स्पर्धा जिंकल्या, तरी त्याला तिथे पोचता येणार नाही.

या रीतीचे श्रेयही मोकळेपणाने द्यायला हवे. २०१४ च्या पहिल्या लिलावात सर्वांत महाग ठरलेल्या राकेश कुमारची किंमत १२ लाख ८० हजार रुपये होती. २०२३ मध्ये पवन सेहरावतवर २ कोटी ६० लाख ५० हजारांची बोली लागली. पोलीस, रेल्वे किंवा बँकेतल्या क्रीडा कोट्यातल्या नोकरीपलीकडे कबड्डीपटूला काही मिळत नसे, ते दिवस या लीगने पालटले. खेळाडूसाठी दार उघडले, हे खरे. मंडळासाठी ते बंदच राहिले. चांगला खेळाडू घडवणारे गावातले मंडळ मागे राहते आणि खेळाडू एकटा वर जातो. शिडी असती, तर खेळाडूसोबत मंडळ, मंडळासोबत मैदान आणि मैदानासोबत गावही वर गेले असते.

बंद दारामुळे खेळाचे काय होते, हे गोव्याने भोगले आहे. धेंपो हा पाच वेळा राष्ट्रीय फुटबॉल विजेता ठरलेला क्लब, साळगावकर दोन वेळा. २०१६ मध्ये अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने जो आराखडा मांडला, त्यात तेव्हाच्या वरच्या गटाच्या, म्हणजे आय-लीगच्या, जागी इंडियन सुपर लीग येणार होती आणि तिच्यात खालून चढण्याची सोय नव्हती. साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लुबे दि गोवा यांनी निषेध म्हणून आय-लीग सोडली, पाठोपाठ धेंपोही बाहेर पडला. ज्या क्लबांनी गोव्याला फुटबॉलची ओळख दिली, ते एका नियमामुळे राष्ट्रीय पटावरून नाहीसे झाले. पुढे नियम बदलला. २०२२-२३ चा आय-लीग विजेता राउंडग्लास पंजाब हा खेळाच्या जोरावर सुपर लीगमध्ये गेलेला पहिला क्लब ठरला, त्यानंतर मोहम्मेडन स्पोर्टिंग. धेंपोही खालच्या श्रेणीतून चढत २०२४-२५ मध्ये आय-लीगमध्ये परतला.

त्याच हंगामाने दुसरा धडा दिला. एप्रिल २०२५ मध्ये आय-लीगचे सामने संपले तेव्हा गोव्याचा चर्चिल ब्रदर्स ४० गुणांसह पहिला होता आणि वाराणसीचा इंटर काशी ३९ गुणांसह दुसरा. पण इंटर काशीविरुद्धच्या सामन्यात नामधारी संघाने अपात्र खेळाडू उतरवल्याची तक्रार प्रलंबित होती. शिस्तपालन समितीने एक निर्णय दिला, अपील समितीने तो फिरवला, चर्चिलच्या हाती करंडकही पडला. शेवटी स्वित्झर्लंडमधल्या क्रीडा लवादाने जुलैमध्ये इंटर काशीच्या बाजूने निकाल दिला आणि विजेता बदलला. वजनकाट्यावरची तक्रार गावात तासाभरात मिटते. इथे ती सहा महिने चालली. नियम चांगला असून भागत नाही, तक्रारीचा निकाल वेळेत लागावा लागतो.

तिसरी, गुणांची रीत समजून घेण्यासाठी उत्तर इंग्लंडात जावे लागते. वऱ्हाडाला तो मुलूख अगदीच परका नाही. अमेरिकेतल्या १८६१ ते १८६५ च्या यादवीमुळे तिकडचा कापूस थांबला, तेव्हा लँकेशायरच्या गिरण्यांची नजर वऱ्हाडाकडे वळली; १८७० मध्ये खामगावच्या रेल्वेफाट्याचे उद्‌घाटन करायला व्हाइसरॉय लॉर्ड मेयो स्वतः आले, ते या कापसासाठीच. वऱ्हाडातले गठ्ठे मुंबईमार्गे ज्या भागात जात, त्याच भागातल्या गिरणी आणि खाण कामगारांच्या वस्त्यांत रग्बी रुजली होती. शनिवारचा सामना खेळायला सुट्टी घेतली की मजुरी बुडे. ती भरून द्यायला लंडनच्या रग्बी संघटनेने नकार दिला, म्हणून २९ ऑगस्ट १८९५ रोजी हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात उत्तरेकडच्या क्लबांनी वेगळी चूल मांडली. तेरा खेळाडूंची ‘रग्बी लीग’ पुढे त्यातूनच आकाराला आली.

या खेळाच्या वरच्या गटात, म्हणजे तिथल्या ‘सुपर लीग’मध्ये, अनेक वर्षे चढ-उतार होता, मध्येच परवान्यांची पद्धत आली, पुन्हा चढ-उतार आला. २०२२ मध्ये आयएमजी या कंपनीशी बारा वर्षांचा करार झाला आणि तिच्या सल्ल्याने २०२५ च्या हंगामापासून प्रतवारी लागू झाली. प्रत्येक क्लबाला २० पैकी गुण. प्रेक्षक आणि चाहत्यांचा प्रतिसाद ५, मैदानावरची कामगिरी ५, आर्थिक स्थिती ४.५, स्टेडियम ३, आणि आसपासची लोकवस्ती व समाजातले काम २.५. पंधरा किंवा अधिक गुण मिळवणारा ‘ए’ दर्जाचा क्लब. मैदानात तळाला राहिला तरी त्याला कोणी खाली ढकलू शकत नाही. खेळाचे वजन वीसपैकी पाच, म्हणजे चवथा हिस्सा.

याचा चटका पहिल्यांदा बसला तो लंडन ब्रॉन्कोजला. २०२३ च्या खालच्या श्रेणीत फेदरस्टोन रोव्हर्स हा कोळसा खाणींच्या छोट्या गावाचा क्लब गुणतक्त्यात पहिला होता. उपांत्य सामन्यात लंडनने त्याला हरवले, मग तुलूजमध्ये जाऊन अंतिम सामना १८-१४ असा जिंकला आणि वरच्या गटात प्रवेश मिळवला. त्याच महिन्यात नव्या प्रतवारीची नमुना यादी प्रसिद्ध झाली; लंडन तिच्यात चोविसावा होता. म्हणजे २०२४ चा अख्खा हंगाम वरच्या गटात खेळण्याआधीच बाहेरचा रस्ता दिसत होता. हंगामानंतर लंडन बाहेर गेला, वेकफिल्ड ट्रिनिटी आत आला. वेकफिल्डने खालची श्रेणी जिंकलीही होती आणि गुणांतही तो पहिल्या बारांत होता, त्यामुळे तिथे कोणाचा आक्षेप राहिला नाही. पण फेदरस्टोनसारख्या गावांनी प्रश्न विचारला, की आमच्या गावाची लोकसंख्या आम्ही खेळून कशी वाढवायची?

हा प्रश्न तिवशालाही विचारता येईल. नागपूर-अमरावती महामार्गावरचे हे तालुक्याचे गाव, तालुक्यात मोझरीचा गुरुकुंज आश्रम, कौंडण्यपूरचे तीर्थ, शेतात कापूस, तूर, संत्रा. इथल्या मंडळाला मैदान सपाट करता येते, प्रशिक्षक आणता येतो, हिशेब चोख ठेवता येतो, मुलींचा संघ उभा करता येतो. गावाची वस्ती लाखांत नेणे मात्र त्याच्या हातात नाही. निकष चांगला की वाईट हे ओळखायची कसोटी इथे सापडते: खालच्या संघाला मेहनतीने गाठता येईल ती अट योग्य, आणि जन्मतः ज्याच्याकडे नाही त्याला कधीच गाठता येणार नाही ती अट अन्यायाची. पैशाच्या शिस्तीची अट पहिल्या प्रकारात मोडते. पगार थकवणारा, हंगामाच्या मध्यावर बुडणारा क्लब वरच्या गटात आणून खेळाचे भले होत नाही, आणि उत्तर इंग्लंडातले हे गुणपत्रक त्या अंगाने जरूर अभ्यासावे. जामठ्याचे मैदान नसते, तर विदर्भाचे तीन करंडक आले असते का, हेही विचारायला हवे. सोयींना महत्त्व आहेच. फरक इतकाच, की विदर्भाने सोयी उभ्या करून मैदानात सामने जिंकले आणि त्या सामन्यांनी त्याला वर नेले. मैदानाचे गुण मोजून कोणी त्याला वर बसवले नाही.

तेव्हा या विषयाकडे पाहणाऱ्याने ठाम भूमिका घ्यायला हरकत नाही. वरचा गट निवडताना सर्वांत जास्त वजन खेळाच्या निकालाला असावे. पैसा, मैदान, प्रशिक्षण यांच्या अटी किमान पात्रता म्हणून असाव्यात, आणि ती पात्रता गाठायला खालच्या संघाला दोन-तीन वर्षांची मुदत व मदत मिळावी. नियम हंगामाआधी छापील स्वरूपात जाहीर व्हावेत, अधेमधे बदलू नयेत, आणि तक्रारीचा शेवटचा निकाल पुढच्या हंगामाची चिठ्ठी निघण्याआधी लागावा. लिलावाच्या लीग चालू राहणार असतील तर राहोत. पण त्यांत निदान एक जागा खालून जिंकून येणाऱ्यासाठी राखून ठेवावी.

याची सुरुवात मुंबई किंवा दिल्लीच्या बैठकीची वाट न पाहता करता येते. अमरावती आणि अकोला जिल्ह्यांत दरवर्षी कितीतरी कबड्डी, व्हॉलीबॉल आणि टेनिस बॉल क्रिकेटच्या स्पर्धा होतात, आणि त्या बहुतेक सगळ्या दरवर्षी शून्यापासून सुरू होतात. गेल्या वर्षी जिंकलेल्या संघाला पुढच्या वर्षी त्याचा काही उपयोग नसतो. तालुक्यातल्या आयोजकांनी एकत्र बसून दोन गट पाडावेत. वरच्या गटात आठ संघ, खालच्या गटात बाकीचे, दरवर्षी दोन वर, दोन खाली, आणि हा नियम प्रवेशपत्रिकेच्या मागच्या बाजूला स्पष्ट छापावा. पहिल्या वर्षीचे आठ संघ मागच्या तीन वर्षांच्या निकालांवरून ठरवावेत आणि ती यादी ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावी. त्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही. येत्या हंगामाची पत्रके छापायला जाण्याआधी एवढे जरूर करावे.